संपादकबाईंचं दुखणं

१

रविवारी सकाळी मी खुराड्याचं दार उघडलं, तर संपादकबाई जागच्या हलल्या नाहीत.

संपादकबाई म्हणजे आमची कोंबडी. तांबूस, वजनदार आणि जगाकडे एका वेळी एकाच डोळ्यानं, संशयानं बघणारी. समोर आलेल्या प्रत्येक गोष्टीत चोच घातल्याशिवाय तिला राहवत नाही, म्हणून हे नाव. मी सव्वीस वर्षं एका दैनिकात दर गुरुवारी विनोदी स्तंभ लिहिला. तेवढ्या काळात पाच संपादक झाले. त्यांतला एकही हिच्याइतका वेळेवर उठत नव्हता.

रोज दार उघडलं की ती आधी माझ्या चपलेला एक टोच मारायची. ती आमची हजेरी. त्या दिवशी पंख दोन्ही बाजूंना सांडल्यासारखे पडलेले, डोळे अर्धे मिटलेले आणि तुऱ्याचा रंग पार उडालेला.

"अगं, संपादकबाईंना बरं नाहीये," मी स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणालो.

"मग रजा द्या," बायको म्हणाली. पालकाच्या वाफ्यावरून तिचं आणि कोंबडीचं गेले दोन महिने बोलणं बंद आहे.

मी ताईला बोलावलं. ताई माझी थोरली बहीण, दोन गल्ल्या सोडून राहते. चाळीस वर्षं इस्पितळात नर्स होती, शेवटची बारा वर्षं मुख्य. डॉक्टर लोक तिला बघून आपलंच अक्षर नीट करायचे. ती आली, पदर खोचला, कोंबडी मांडीवर घेतली आणि गळ्याखाली दोन बोटं दाबली.

"काल संध्याकाळनंतर काही खाल्लंय हिनं?"

"नाही."

"मग ही पिशवी भरलेली कशी? कोंबडी दिवसभराचं इथे साठवते आणि रात्रीतून खाली पाठवते. सकाळी ही रिकामी पाहिजे. इथे कालचा डबा तसाच पडलाय." तिनं कोंबडीला जमिनीवर उभं केलं. पाय दुमडले. मग ताईनं खुराड्यातली घाण काडीनं उलटीपालटी केली. "आणि हे एवढं हिरवं कशामुळे? पालक खाते का?"

"खाऊन तर बघू दे," आतून आवाज आला.

ताई उठली. हात धुतले. टॉवेलनं एकेक बोट पुसलं.

"हे अजीर्ण नाही," ती म्हणाली. "माणसाचं असतं तर मी विष म्हटलं असतं."

२

जनावरांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. माझं नाव कागदावर लिहिताना त्या थबकल्या.

"स्तंभ लिहायचात ते तुम्हीच? आमच्या बाबांनी तुमचं एक वाक्य कचेरीत टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. 'साहेब रजेवर गेले, तेव्हा कचेरीला कळलं की ते इतके दिवस हजर होते.' शेवटचं वाक्य मारावं तर तुम्हीच."

असं काही लिहिल्याचं मला आठवेना. पण वाचक आपल्याला आवडेल तसं लक्षात ठेवतात, आणि स्तुतीला पावती मागू नये. मी मान लववली.

एक्स-रे आला. काळ्या काचेवर कोंबडीची राखाडी सावली, आणि पोटाच्या मधोमध तीन पांढऱ्याशुभ्र काड्या.

"ही पेषणी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कोंबडीला दात नसतात. ती खडे गिळते आणि या पिशवीत दाणे दळते. जातंच म्हणा. या जात्यात धातू सापडलाय. लक्षणं बघता शिसं असणार. रक्त तपासायला पाठवते, पण रिपोर्टची वाट बघत नाही."

"वाचेल?" मी विचारलं.

"शिसं धरून बाहेर नेणारं इंजेक्शन आहे. दिवसातून दोनदा. उद्या संध्याकाळपर्यंत अंगात थोडी ताकद आली, तर भूल देऊन चोचीतून चिमटा घालते आणि तिन्ही काढते. पण ऐका. हे आलं कुठून ते शोधा. घरी जाऊन तिनं परत तेच टिपलं, तर दुसऱ्या वेळी माझ्याकडे आणू नका. खड्डा खणा."

ताईनं एक्स-रे खिडकीकडे धरला आणि बराच वेळ बघितला.

"तिन्हींची जाडी कमीजास्त आहे, पण सगळ्या सरळ," ती म्हणाली. "कापल्यासारख्या. हे जमिनीत उगवत नाही. कुणीतरी आणलंय."

३

आमच्या परसात शिसं आणू शकतील अशी माणसं मोजकी. ताईनं सगळ्यांना आमच्याच स्वयंपाकघरात एकेक करून बसवलं. मला तिनं चहा करायला लावला, म्हणजे मी मध्ये बोलणार नाही.

पहिला शेजारी. तो महिनाभर खिडक्यांचा जुना रंग खरवडतोय. जुन्या रंगात शिसं असतं हे त्यालाही माहीत होतं, कारण तो तोंडाला फडकं बांधून काम करतो.

"खाली चादर अंथरतो मी, ताई. आणि मला कोंबडीशी काय वैर? पहाटे तिच्यामुळेच तर उठतो मी. ओरडते कसली."

"वैर नाही, असं म्हणताय?"

"वैर आहे. पण विष नाही."

ताईनं त्याला सोडलं. रंगाची खपली एक्स-रेमध्ये काडीसारखी दिसत नाही.

दुसरे जावई. आधीच्या रविवारी ते गळ टाकायला जाण्यापूर्वी परसात सामान पसरून बसले होते. गळाला बांधायची वजनं शिशाची असतात. ते डबी घेऊनच आले.

"बाबा, अकरा होती, अकरा आहेत. मासा एकही लागला नाही, त्यामुळे वजनही कुठे गेलं नाही." डबीत वजनं होती, पण वाटाण्यासारखी गोल.

तिसरी बायको.

"वन्सं, तुम्ही मलासुद्धा विचारणार?"

"विचारावं लागतं गं. पालकाचं प्रकरण आहे."

"मला तिला संपवायची असती तर शिसं कशाला शोधत बसले असते? घरात झाकणाचं पातेलं आहे."

यावर ताईनं वहीत टिक केली.

"आता तू," ती मला म्हणाली. "गेल्या बुधवारपासून या घरात कोण आलं, काय झालं, सगळं सांग. विनोद करू नकोस."

बुधवारी जुळारी आला होता. जुळारी म्हणजे माझा मित्र. आमच्या छापखान्यात खिळे जुळवायचा, म्हणजे शिशाची एकेक अक्षरं उचलून ओळी बांधायचा. माझा प्रत्येक स्तंभ त्याच्याच हातून उभा राहिला. सदतीस वर्षांची मैत्री, तरी एकमेकांना अहोजाहो, छापखान्यातली सवय. दर बुधवारी आम्ही बुद्धिबळ खेळतो आणि संपादकबाई त्याच्या खुर्चीखाली बसतात, कारण तो कागदाच्या पुडीत मका आणतो.

"त्याला मी बातमी दिली," मी म्हणालो. "वाचनालयात जुन्या छपाईचं प्रदर्शन आहे. तिथल्या बाईंना माझ्या शेवटच्या स्तंभाची गॅली हवी आहे."

गॅली म्हणजे पत्र्याचं तबक. त्यात तो अख्खा स्तंभ खिळ्यांत बांधलेला, आरशातल्यासारखा उलटा. छापखाना बंद झाला तेव्हा जुळाऱ्यानंच मला भेट दिलेली. अकरा वर्षं ती परसातल्या अडगळीच्या खोलीत फळीवर आहे.

"त्या बाई तिच्यावर शाई लावून सगळ्यांसमोर एक प्रत काढणार, आणि शेजारी माझं हस्तलिखित लावणार. जुळारी म्हणाला, 'हस्तलिखितसुद्धा?' आणि अकराव्या खेळीला वजीर घालवून बसला."

"मग?"

"मग परसात पाय मोकळे करून आला. नळावर साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. चहा प्याला, गेला. गुरुवारी परत आला, चष्मा विसरला म्हणून. मी म्हटलं, अहो, खिशात आहे तुमच्या. पण तोवर तो अडगळीच्या खोलीतून गुडघे झटकत बाहेर येत होता."

ताईनं पेन खाली ठेवलं.

"कोपरापर्यंत," ती म्हणाली.

४

सोमवारी संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. तिन्ही काड्या निघाल्या होत्या. कोंबडी भुलीतून बाहेर आली होती आणि शुद्धीवर येताच तिनं मदतनिसाच्या घड्याळाला टोच मारली होती.

काचेच्या छोट्या बाटलीत घालून त्यांनी त्या काड्या आमच्या हातात दिल्या. बोटाच्या पेराएवढ्या लांब, चौकोनी, राखाडी. जात्यानं कडा गोल झालेल्या. प्रत्येकीच्या एका बाजूला एक आडवी खाच.

"खिळ्याचे, स्क्रूचे प्रकार मी बघितलेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे काय आहे कळत नाही."

मला कळलं होतं. ती खाच अंगठ्याला लागते. अंधारातसुद्धा खिळा सुलटा की उलटा ते जुळाऱ्याला कळावं म्हणून ती असते. दोन काड्या टोकाला कोऱ्या होत्या, शब्दांमध्ये घालतात त्या. तिसरी मी प्रकाशात धरली. तिच्या टोकावर एक ठिपका होता.

पूर्णविराम सापडला होता. आता वाक्य शोधायचं होतं.

५

अडगळीच्या खोलीत ताई बॅटरी घेऊन पुढे, मी मागे. जमिनीला मोठा तडा गेलाय, त्यातल्या भुसभुशीत मातीत संपादकबाई दुपारी अंग घुसळतात. बरोबर त्याच्या वर फळी, आणि फळीवर गॅली.

"हात लावू नकोस," ताई म्हणाली. "बघ. सगळ्या खिळ्यांवर अकरा वर्षांची धूळ. आणि हा खालचा कोपरा?"

खालच्या कोपऱ्यात खिळे नव्हतेच. तिथे लाकडाची पट्टी बसवली होती, मजकूर ढासळू नये म्हणून. आणि सगळ्याभोवती फिरवलेला दोरा पांढराशुभ्र होता.

"दोरा नवा. पण याला गाठ कुठाय?"

"गाठ नसते. दोरा फिरवत आणायचा आणि टोक कोपऱ्यात आत दाबायचं. घाईत ओढलं की सुटलं पाहिजे, म्हणून."

"मी गाठ मारली असती. तुझ्या बायकोनं मारली असती, शेजाऱ्यानं मारली असती. जावयांनी तर तीन मारल्या असत्या. गाठ न मारता बांधणारी किती माणसं येतात तुझ्या घरी?"

मी दोऱ्याचं टोक नजरेनं शोधत राहिलो. उत्तर अवघड नव्हतं.

"एक."

"शिसं हाताळलं की कोपरापर्यंत हात धुणारी किती?"

"ताई, तो हिला मका आणतो. दर बुधवारी. हातावर घेऊन भरवतो."

"म्हणूनच म्हणते, मारायचं नव्हतं त्याला. त्याला ओळ काढायची होती. काढताना तीन तुकडे या तड्यात पडले. शोधायला दुसऱ्या दिवशी आला, पण बाई आधीच जेवून गेल्या होत्या." तिनं बॅटरी माझ्या तोंडावर धरली. "मला एवढंच कळत नाहीये. त्या शेवटच्या ओळीत असं काय होतं?"

"मला काय माहीत?" मी म्हणालो.

"अरे, तूच लिहिलंयस ना?"

६

इथे मला एक कबुली द्यावी लागते. मी माझा स्तंभ छापून आल्यावर कधीच वाचला नाही. खानावळीचा मालक आपल्या खानावळीत जेवत नाही, असं मी म्हणायचो, आणि लोक हसायचे. बुधवारी मजकूर जुळाऱ्याच्या हातात दिला की माझं काम संपलं. प्रुफं वाचायला वेगळा माणूस होता. तो जुळाऱ्याचा साडू होता.

बायकोनं पलंगाखालून ट्रंक ओढली. तिच्यात सव्वीस वर्षांची माझी हस्तलिखितं आणि त्यांना टाचलेली कात्रणं होती. हस्तलिखितं ती जपते हे मला माहीत होतं, कात्रणांचं नव्हतं. मी शेवटची जोडी काढली.

हस्तलिखितात मी असा समारोप केला होता: "तेव्हा वाचकहो, लेखणी विसावली तरी विचार विसावत नाहीत, आणि समाजाच्या डोळ्यांत अंजन घालण्याचं हे व्रत कुणीतरी पुढे चालवील, अशी आशा बाळगून आपली रजा घेतो."

कात्रणात छापलं होतं: "उद्यापासून मी गप्प. तुम्हाला सवय व्हायला आठवडा पुरेल. माझं मी बघतो."

मी दुसरी जोडी काढली. मग दहावी, मग हाताला येईल ती. सगळीकडे माझा मजकूर जसाच्या तसा, फक्त शेवटचं वाक्य परकं. साहेब रजेवर गेले ते वाक्यही सापडलं. हस्तलिखितात त्या जागी कार्यसंस्कृतीवर चार ओळी होत्या.

"तुला ठाऊक होतं?" मी बायकोला विचारलं.

"अहो, मी दोन्ही वाचायचे ना."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. लोक म्हणायचे, शेवटचं वाक्य काय मारलंत, आणि तुम्ही म्हणायचात, हं, सुचतं असं. मला वाटलं, तुमच्या दोघांत ठरलेलं असेल. पुढे वाटलं, ठरलेलं नसेल तर विचारायलाच नको."

मी ताईकडे बघितलं. सख्खी बहीण.

"मला हे माहीत नव्हतं," ती म्हणाली. "पण खरं सांगू? मला नेहमी नवल वाटायचं, हा समोर बसून बोलतो तेव्हा शेवटी उपदेश करतो, आणि पेपरात कसा काय आवरतो."

त्या घरात माझ्या बाजूनं एकच जीव होता, आणि तो इस्पितळात होता.

७

बुधवारी जुळारी पुडी घेऊन आला. रिकामं खुराडं बघितलं.

"संपादकबाई कुठेत?"

"इस्पितळात."

तो खुर्चीत बसला. मी पट मांडला होता, फक्त त्याच्या राजाच्या घरात ती बाटली ठेवली होती. त्यानं ती उचलली, चष्माही लावला नाही.

"दोन स्पेस, एक पूर्णविराम," तो म्हणाला. "तीनच कमी होते."

"म्हणजे मोजले होते."

"घरी जाऊन ओळ जुळवून बघितली. बुधवारीच कळलं."

"बुधवारी कळलं, आणि रविवारी तिचे पाय गेले. कोंबडी काय करते ते तुम्हाला माहीत, शिसं काय करतं ते माझ्यापेक्षा जास्त माहीत. मधले तीन दिवस होते तुमच्याकडे. 'तीन खिळे पडलेत' एवढंच म्हणायचं होतं."

"तुम्ही पुढे विचारलं असतं, कुठले."

हे त्यानं इतक्या साधेपणानं सांगितलं की मी मनात तयार ठेवलेलं भाषण बिनकामाचं झालं. सव्वीस वर्षांच्या वाक्यांचं मला लागलं होतंच. पण माझी फजिती होऊ नये म्हणून, की त्याची, त्यानं एक जीव तीन दिवस पणाला लावला होता, आणि आज तोच मका आणून तिला भरवणार होता.

"सुरुवात कशी झाली?" मी विचारलं.

"दोन ओळी जास्त होत्या. कॉलमात बसेनात. तुम्ही घरी गेला होतात. शेवटचं वाक्य काढून छोटं घातलं. म्हटलं, उद्या येतील भांडायला. तुम्ही आला नाहीत. पत्रं आली, छान म्हणणारी, ती तुम्ही मला वाचून दाखवलीत. पुढच्या आठवड्यात परत केलं. चार आठवडे वाट बघितली. मग लक्षात आलं, तुम्ही वाचतच नाही."

"विचारायचं होतं."

"तुमचा स्तंभ मी सव्वीस वर्षं उलटा वाचला, एकेक अक्षर हातात घेऊन. तुम्ही तो एकदाही सुलटा वाचला नाहीत. मी काय विचारणार होतो?"

मी उत्तर दिलं असतं, तरी त्याचं शेवटचं वाक्य त्यानंच बदललं असतं.

"गॅली तुम्हाला दिली ती त्यासाठीच," तो म्हणाला. "वाटलं, एकदा तरी आरसा धराल. एकट्यानं. अकरा वर्षं तुमच्या डोळ्यांसमोर होती. सगळ्यांसमोर वाचावी म्हणून नव्हती दिली."

मक्याची पुडी त्यानं टेबलावर ठेवली आणि उठला. त्या दिवशी आम्ही खेळलो नाही.

८

संपादकबाई शनिवारी घरी आल्या. वजन अर्धा किलो कमी, तुरा लालसर. पुढचे कित्येक महिने तिची अंडी कुणी खायची नाहीत, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. अडगळीच्या खोलीतला तडा मी सिमेंटनं बुजवला. वरून ताईनं नखानं तपासला.

पुढच्या बुधवारी फाटक वाजलं. संपादकबाई माझ्या चपलेवरून उडी मारून, थेट जुळाऱ्याच्या खुर्चीखाली जाऊन बसल्या. ज्याच्यामुळे मरायला टेकली होती, त्याच्याच हातावरचा मका टिपत होती. मी मनात म्हटलं, तूसुद्धा.

जुळाऱ्यानं खिशातून एक पुडकं काढलं. त्यात ती ओळ होती, बांधलेली, गाठ न मारलेली.

"परत बसवतो," तो म्हणाला. "की तुमचं मूळचं घालू? व्रत आणि अंजन?"

"ते नको," मी म्हणालो. "दोन ओळी जास्त होतात."

प्रदर्शनात गॅलीला शाई लावली, कागद दाबला, उचलला. शेजारी माझं हस्तलिखित होतंच. ते काढून घ्यावं, असं शेवटच्या क्षणापर्यंत वाटत होतं. लोकांनी आधी हे वाचलं, मग ते, आणि मग माझ्याकडे न बघण्याची काळजी घेतली. जुळारी मागच्या रांगेत भिंतीला टेकून उभा होता. मी त्याला पुढे बोलावलं नाही. तेवढा मोठा मी अजून झालेलो नाही.

त्या कागदावर शेवटचा ठिपका जरा फिका उमटलाय. वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, जुने खिळे झिजतात. मी म्हटलं, हो, जातं चांगलं होतं.

बुधवारी अजून बुद्धिबळ होतं. फक्त मी पाणी प्यायला उठत नाही, आणि मोहरं हलवल्यावर पटावरून नजर काढत नाही. हा मजकूर छापायला देताना मी शेवटपर्यंत तिथेच बसणार आहे, आणि छापून आल्यावर वाचणारही आहे. शेवटचं वाक्य माझंच आहे. बेताचं वाटलं, तर तोच पुरावा समजा.